बी-टू उत्तीर्ण आहे, तरी ग्रनोबलच्या वर्गात काही कळत नाही. आता काय करावे?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात देल्फ बी-टू, म्हणजे फ्रेंच भाषेची वरच्या मध्यम पातळीची परीक्षा, झाली, चांगल्या गुणांनी. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात नगररचनेच्या मास्टर्सला, पहिल्या वर्षाला, फ्रेंच माध्यमातून प्रवेश मिळाला. वर्ग सुरू होऊन सहा आठवडे झाले. मोठ्या व्याख्यानातले निम्मेअधिक डोक्यावरून जाते, वर्गातली मुले आपापसात बोलतात ते तर मुळीच पकडता येत नाही, आणि रोज संध्याकाळी खोलीवर परतल्यावर डोके ठणकते. हे आपोआप सुटेल का, की आत्ताच इंग्रजी माध्यमाच्या कोर्सकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी आधी पुण्यात फ्रेंच शिकवत होते, मग इथे फ्रान्समध्ये शिकले, आणि आता इथल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवते. ऑक्टोबर संपत आला की हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी दारात उभे असते. कधी ब्राझीलचे, कधी व्हिएतनामचे, कधी आपल्या नाशिक-कोल्हापूरकडचे. म्हणून थेट सांगते. आत्ता कोर्स बदलू नका. पण सगळे आपोआप सुटेल असेही धरून चालू नका. यातले काही सुटेल, काही सुटणार नाही. तुम्ही सध्या ज्याची काळजी करताय ते, म्हणजे ऐकून समजणे, बहुतांशी सुटणारे आहे. जे आपोआप सुटत नाही त्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखही नाही. ते म्हणजे इथल्या पद्धतीने लिहिणे.

आधी ऐकण्याबद्दल. बी-टूची परीक्षा खोटी नव्हती आणि तुमचे गुणही खोटे नाहीत. त्या परीक्षेत चार भाग असतात, प्रत्येकी 25 गुणांचे. एकूण 50 मिळाले आणि कुठल्याही भागात 5 च्या खाली गेला नाहीत की उत्तीर्ण. त्यातला ऐकण्याचा भाग आठवा. ध्वनिफीत काही मिनिटांची, आवाज स्वच्छ, आणि ऐकण्याआधी प्रश्न वाचायला वेळ. म्हणजे कान कशासाठी टवकारायचे हे आधीच ठाऊक. अँफीमध्ये, म्हणजे मोठ्या व्याख्यानगृहात, एकच माणूस दोन तास सलग बोलतो, मधेच खाली बघून, मधेच फळ्याकडे वळून, आणि कशाकडे लक्ष द्यायचे हे कोणी सांगत नाही. या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिली तुमच्याकडे आहे, दुसरी घडायला वेळ लागतो.

पण तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती मोठी आहे. तुम्ही लिहिले आहे की सरांच्या एकाच वाक्यात पीएलयू, स्कॉट, झाक आणि एसआरयू कायदा असे सगळे आले आणि तुम्ही तिथेच हरवलात. त्यात न समजलेले फ्रेंच फारसे नव्हते. ती या देशाची माहिती होती. पीएलयू म्हणजे गावाचा किंवा शहराचा स्थानिक विकास आराखडा. स्कॉट म्हणजे अनेक गावे-शहरे मिळून केलेला त्याहून मोठ्या प्रदेशाचा आराखडा. झाक म्हणजे सार्वजनिक संस्थेने ठरवून विकसित करायला घेतलेला पट्टा. एसआरयू हा डिसेंबर 2000 चा कायदा, ज्याने शहरी भागातल्या ठराविक आकारापुढच्या गावांवर 20 टक्के सामाजिक घरे असण्याचे बंधन घातले. 2013 मध्ये ते बहुतेकांसाठी 25 टक्क्यांवर नेले. तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या गावात या घरांवरून निवडणुका लढवल्या गेल्या असतील. तिला हे शब्द वर्गात पहिल्यांदा ऐकावे लागत नाहीत. पुण्यातल्या एखाद्या वर्गात प्राध्यापक एफएसआय, टीपी स्कीम, गुंठेवारी आणि पीएमआरडीए एका दमात बोलून गेले, तर उत्तम मराठी येणारा फ्रेंच विद्यार्थीही तुमच्यासारखाच गोंधळेल. त्यात त्याच्या मराठीचा काय दोष?

यावरचा उपाय भाषेच्या पुस्तकात सापडत नाही. नगरपालिकेच्या वाचनालयात जा आणि इथल्या अकरावी-बारावीची भूगोलाची पाठ्यपुस्तके घरी आणा. फ्रेंच मुलांना देशाची रचना ज्या भाषेत शिकवतात ती भाषा तिथे सोपी करून दिलेली असते: कम्यून (गाव किंवा शहराचा सर्वांत लहान प्रशासकीय घटक), आंतरकम्यून संस्था, देपार्तमाँ (जिल्हा), रेजिओं (प्रांत). सुमारे 35,000 कम्यून असलेला हा देश आहे, आणि त्यातली कित्येक आपल्या वाडीएवढी आहेत. हे एकदा नीट लक्षात आले की अधिकारांच्या वाटपावरची निम्मी व्याख्याने सुसंगत वाटू लागतात. मग ग्रनोबल महानगराच्या आराखड्याचे नकाशे ऑनलाइन उघडा आणि तुम्ही राहता त्या रस्त्याला कोणता झोन लागू आहे, तिथे किती उंच बांधता येते, ते शोधा. रविवारी विलनव्ह पायी हिंडून या. 1968 च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतरच्या काळात उभी राहिलेली ती वसाहत ग्रनोबलमध्ये नगररचना शिकवणारा माणूस वर्षभरात उल्लेखल्यावाचून राहणार नाही. 1987 पासून धावणाऱ्या इथल्या ट्रामचेही तसेच; व्हीलचेअरवरच्या प्रवाशालाही सहज चढता यावे अशी तिची रचना केली गेली, म्हणून तिचे नाव पुन्हापुन्हा निघते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे नाव कानाला पटकन सापडते.

प्रत्यक्ष वर्गात काय करायचे तेही सांगते. पुढे बसा. तासभर आधी त्या दिवसाचा विषय आणि संदर्भयादी वाचून जा. फ्रेंच प्राध्यापक बहुधा सुरुवातीलाच सांगतात की आज दोन किंवा तीन भागांत बोलणार. ती दोन वाक्ये सुटली तर पुढचा तास चाचपडण्यात जातो, म्हणून उशिरा पोहोचू नका. तो आराखडा कागदावर डावीकडे लिहून ठेवा आणि मग आपण कुठे आहोत एवढाच माग ठेवा. एखादे वाक्य ‘सेर्त’ने, म्हणजे ‘हे खरे आहे की’ने, सुरू झाले की समजा, सर एक मुद्दा मान्य करताहेत आणि लवकरच त्याच्या विरुद्ध बोलणार आहेत. शब्द गळले तरी बोलण्याची दिशा हातात राहते. वर्गात बसून मोबाइलवर इंग्रजी भाषांतर पाहणे आजपासून बंद करा. त्याने त्या क्षणी बरे वाटते, पण विषय डोक्यात इंग्रजीत साठतो आणि परीक्षेत फ्रेंचमध्ये बाहेर यायला तयार होत नाही. भाषांतर हवेच असेल तर वर्ग संपल्यावर करा. व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आधी ईमेलने परवानगी मागा. ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्यू’ने सुरू केलेले चार ओळींचे साधे पत्र पुरते; आपल्याकडचे ‘रिस्पेक्टेड सर’ इथे नको.

घरी कान तयार करायला कॉलेज द फ्रान्सची व्याख्याने ऐका, ती विनामूल्य उपलब्ध आहेत. लांब, सलग, एका आवाजातली. तुम्हाला नेमक्या याच प्रकारची सवय हवी आहे. बातम्या आणि मालिका चालतील, पण त्यांनी अँफीचा कान घडत नाही.

किती दिवसांत कळू लागेल? हे माणसावर, विषयावर आणि दिवसभरात किती फ्रेंच कानावर पडते यावर अवलंबून आहे. मी पाहिलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना नाताळची सुट्टी संपवून जानेवारीत वर्गात बसल्यावर अचानक जाणवते की आज आपण दमलो नाही. काहींना मार्च उजाडतो. ज्यांच्या घरातही फ्रेंच बोलले जाते त्यांचे लवकर होते. डोके ठणकते याची भीती बाळगू नका. दिवसभर परक्या भाषेत ऐकल्यावर मेंदू थकतोच. संध्याकाळी अर्धा तास काहीही न ऐकता चालून या आणि झोप कमी करू नका.

मुलांच्या आपापसातल्या बोलण्याबद्दल मी थोडक्यात सांगते. ते नकारातला ‘न’ गाळतात, ‘झ न से पा’चे (मला ठाऊक नाही) ‘शे पा’ करतात, शब्दांची अक्षरे उलटी करून ‘मफ’, ‘उफ’, ‘रलू’ असे शब्द बोलतात. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत आणि त्यावर गुणही नाहीत, म्हणून त्याचे दडपण घेऊ नका. पण त्यामागचे एकटेपण खरे आहे, आणि ते मी हलके लेखत नाही. वर्गातल्या बहुतेकांची मैत्री पदवीच्या वर्षांत होऊन गेलेली असते, शुक्रवारी दुपारी अर्धे जण ट्रेनने आईवडिलांकडे जातात, आणि कोणी तुम्हाला टाळत नसले तरी कोणी बोलावतही नाही. अशा वेळी कॅफेत बसून गप्पा मारण्याचा प्रयत्न सर्वांत अवघड, कारण तिथे भाषेशिवाय दुसरे काहीच नसते. त्याऐवजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे नाव नोंदवा: प्रस्तरारोहण, डोंगरातली भटकंती, बॅडमिंटन, जे आवडेल ते. दर आठवड्याला तेच लोक, तेच काम, तेच शब्द. दोर धर, पाय इथे ठेव, थांब. हे ऐकता ऐकता बाकीचेही ऐकू येऊ लागते. ग्रनोबलच्या तिन्ही बाजूंना शार्त्रझ, व्हेरकोर आणि बेलदोन हे डोंगर उभे आहेत. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तिथे सोबत मिळायला वेळ लागत नाही.

एक सल्ला तुम्हाला सगळीकडून मिळेल: भारतीय मुलांपासून लांब राहा, तरच फ्रेंच येईल. मला तो पटत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळे एक तास मागे जातात, पाच-साडेपाचलाच अंधारून येते, त्याच सुमारास दिवाळी असते, आणि घरी फोन करावा तर तिथे साडेचार तास पुढची वेळ, म्हणजे आई-बाबा झोपायच्या बेतात. अशा दिवसांत मराठीत चार वाक्ये बोलायला माणूस असणे ही गरज आहे. फक्त अभ्यासाचा गट आणि घरचा गट वेगळे ठेवा. वर्गातले सादरीकरण भारतीयांच्याच गटात करू नका.

सादरीकरणाचे निघालेच आहे तर हे नीट वाचा, कारण आपली मुले इथे हटकून एक गोष्ट करतात. गटात चारजण असले की आपला मुलगा म्हणतो, मी स्लाइड आणि नकाशे करतो. सगळे खूश होतात, काम सुरेख होते, आणि तो सबंध सत्र तोंड उघडत नाही. प्रस्तावनाही घेऊ नका. ती पाठ करून वाचली जाते. ज्या भागात आकडेवारी तुम्ही गोळा केली आहे आणि ज्यावर प्रश्न येणार आहेत तो भाग मागून घ्या. आपण जमवलेल्या माहितीवरचा प्रश्न मोडक्या वाक्यातही उत्तर देण्याजोगा असतो. आणि समोरचा मदतीच्या भावनेने इंग्रजीवर आला, तर हसून ‘झ प्रेफेर कोंतिनुए आँ फ्राँसे’ (मला फ्रेंचमध्येच बोलत राहायला आवडेल) म्हणा. लोक ते मानतात.

आता लिहिण्याबद्दल. तुमच्या सत्रपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत असतील. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका बहुधा निनावी तपासल्या जातात. तपासणाऱ्याला कळतही नाही की ही परदेशी विद्यार्थ्याची आहे. वर्गातला तुमचा चेहरा, तुमची धडपड, यातले काही तिथे उपयोगी पडत नाही. आणि माझ्या अनुभवात परदेशी मुले नापास होतात ती व्याकरणाच्या चुकांमुळे फार क्वचित. ती होतात मांडणीमुळे.

आपल्याला शाळेपासून सवय आहे, ती अशी: प्रश्न आला की त्या विषयावर जे जे ठाऊक आहे ते मुद्देसूद लिहायचे. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, तोटे, समारोप. इथल्या दिसेर्तासिओंमध्ये, म्हणजे एका प्रश्नाभोवती युक्तिवाद मांडणाऱ्या निबंधात, त्याला किंमत नाही. समजा विषय आहे: ‘दाट वस्ती ही शहराची समस्या आहे का?’ माझ्याकडे आलेल्या एका हुशार मुलीने यावर दाट वस्तीची व्याख्या लिहिली, पाच फायदे, पाच तोटे, आणि शेवटी ‘समतोल साधायला हवा’. माहिती सगळी बरोबर होती. गुण 20 पैकी 8, आणि समासात एकच शब्द: ‘कातालोग’, म्हणजे नुसती यादी. हा शेरा तुम्हालाही मिळेल, तेव्हा त्याचा अर्थ आत्ताच समजून घ्या. तपासणाऱ्याला तुमच्याकडून एक प्रश्न हवा असतो, विषयाच्या आत दडलेला, आणि मग त्या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने पुढे सरकलेले हवे असते.

आम्ही दोघींनी तोच विषय पुन्हा मांडला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मानच्या काळातल्या तिथल्या वस्त्या पाहा: जमिनीच्या तुलनेत तिथले बांधकाम नंतरच्या अनेक उंच इमारतींच्या वसाहतींपेक्षा जास्त आहे. तरी त्यांना कोणी कोंदट म्हणत नाही; तक्रार होते ती मोकळ्या हिरवळीत उभ्या असलेल्या उंच इमारतींबद्दल. यातून प्रश्न निघाला: लोक दाट वस्तीला कंटाळतात, की दाट वस्तीत जे मिळायला हवे ते न मिळण्याला? पहिल्या भागात दाटी मोजणे आणि दाटी जाणवणे यांतला फरक. दुसऱ्या भागात शाळा, ट्राम, बाग, वेगवेगळ्या उत्पन्नाचे शेजारी. इथे एसआरयू कायदा आपोआप आला. आणि 2021 च्या हवामान कायद्याने 2050 पर्यंत नवी जमीन बांधकामाखाली जाणे निव्वळ शून्यावर आणायचे ठरवले आहे, म्हणजे शहराला आतच दाट व्हावे लागणार. तेव्हा ही दाटी कोणाच्या अंगणात येणार आणि ते कोण ठरवणार, हा शेवट. माहिती जवळपास तीच होती. या वेळी ती एका प्रश्नाच्या मागे चालत होती. मुंबईचे उदाहरण तिने एकदाच वापरले, दुसऱ्या भागात, नीट विश्लेषण करून. तुम्हीही वापरा. तुमच्या वर्गात ते दुसऱ्या कोणाकडे नाही. फक्त शोभेसाठी नको.

सुरुवात ‘प्राचीन काळापासून मानव’ किंवा ‘आजच्या आधुनिक युगात’ अशी करू नका. इथल्या शिक्षकांना त्याचा तिटकारा आहे. एखाद्या नेमक्या घटनेने किंवा आकड्याने सुरू करा, शब्दांचे अर्थ ठरवा, प्रश्न मांडा, भाग जाहीर करा. वाक्ये आखूड ठेवा. एका भागातून दुसऱ्यात जाताना दोन ओळींचा दुवा लिहा.

याचा सराव म्हणून रोज पूर्ण निबंध लिहायची गरज नाही, तेवढा वेळही मिळणार नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून किंवा विभागाकडून जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, आणि रोज संध्याकाळी पाऊण तासात एका विषयाचा फक्त आराखडा करा: वर प्रश्न, खाली दोन भाग, प्रत्येकात दोन उपभाग, आणि शीर्षके पूर्ण वाक्यांत. आठवड्यातून एक पूर्ण लिहा. तो आराखडा छोट्या वर्गाच्या शिक्षकांना दाखवा. एक पान ते उभ्याउभ्या वाचतात. सहा पाने दिली तर राहून जातात. विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठीय फ्रेंचचे वर्ग असतात का, ते पाहा. कुठे ते मोफत असतात, कुठे थोडी फी असते, कुठे त्याचे क्रेडिटही मिळतात. परीक्षेत कागदी द्वैभाषिक शब्दकोश किंवा जादा वेळ मिळतो का, तेही विभागात विचारा. याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात.

गुणांबद्दलही मन तयार ठेवा. 20 पैकी 10 म्हणजे उत्तीर्ण, 12 म्हणजे बरे, 14 चांगले, आणि 16 दुर्मीळ. आपल्या टक्केवारीत मोजलेत तर 11 पाहून उगाच खचाल. बऱ्याच ठिकाणी एका विषयातले कमी गुण दुसऱ्या विषयाने भरून निघतात आणि फेरपरीक्षाही असते, पण मास्टर्सला दोन्ही असतीलच असे नाही. तुमच्या कोर्सची परीक्षा-नियमावली विभागाच्या संकेतस्थळावर असते. ती आजच वाचा.

आणि कोर्स बदलण्याचा प्रश्न. वर्षाच्या मधे तशी बदली जवळपास होत नाही. नवा प्रवेश म्हणजे पुढचा सप्टेंबर, आणि पुन्हा अर्जाची सगळी प्रक्रिया. सरकारी विद्यापीठांत इंग्रजी मास्टर्स आहेत, पण इंग्रजीतले बरेचसे कोर्स खासगी बिझनेस स्कूलमध्ये असतात आणि तिथली फी अनेकदा दहा हजार युरोच्या वर जाते. निवास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रीफेक्चर (परवाने देणारे सरकारी कार्यालय) अभ्यासातली प्रगती आणि विषयातली सुसंगती पाहते. एखादे वर्ष अडखळले तर कारण समजावता येते, दिशा बदलली तर जास्त समजवावे लागते. शिवाय नगररचना हा व्यवसाय इथे महानगरपालिकांशी, सरकारी कागदपत्रांशी बांधलेला आहे. इंग्रजी पदवी घेऊनही इंटर्नशिपला फ्रेंचच लागेल. म्हणून जानेवारीचे निकाल हातात येईपर्यंत हा निर्णय बाजूला ठेवा. अपवाद एकच: झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, सकाळी वर्गात जाण्याच्या विचाराने छातीवर दडपण येत असेल, तर आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्यसेवेत जा. तिथे मोफत भेट मिळते, मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवतात, आणि याची नोंद विभागाकडे जात नाही.

तूसँची, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, सुट्टी आता तोंडावर आहे. त्या आठवड्यात भूगोलाचे एक पुस्तक संपवा, पाच आराखडे करा, आणि दोन दिवस अभ्यासाला हात न लावता डोंगरात जा. सुट्टीनंतर पहिले लेखी काम तपासून मिळेल, तेव्हा त्याच्या समासातले शेरे जसेच्या तसे इथे लिहा. ‘कातालोग’, ‘प्लाँ?’ (आराखडा कुठे?) आणि ‘ओर स्युझे’ (विषय सोडून) या तीन शेऱ्यांवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि ते तुमचे पान पाहूनच सांगता येतील.